कुत्र्यांच्या लसीकरणात डिस्टेंपरही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्ताविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. त्यांत रेबीजचा आणि निर्बीजीकरणाचा उल्लेख वारंवार आला, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाचा मात्र एकदाही आला नाही. शिराळा तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर सिंहांवरील संशोधन वाचण्याचा नाद लागला. या दोहोंचा जो संबंध मला दिसतो, तो मांडण्यासाठी हे पत्र.

आमच्या शेजारच्या चांदोलीच्या जंगलात सिंह नाहीत, मग इथे सिंहांचे काय, असे कोणीही विचारील. डिस्टेंपरचा विषाणू हा माणसांतल्या गोवराचा आणि गुरांतल्या बुळकांडीचा भाऊबंद आहे. बुळकांडी जगातून गेल्याचे २०११ साली जाहीर झाले, पण तिची ही कुत्र्यांतली भावकी अजून वस्त्यावस्त्यांवर नांदते आहे. डिस्टेंपरचा विषाणू मांजरकुळातल्या जनावरांना काय करू शकतो, हे सिंहांइतके बारकाईने दुसऱ्या कोणत्याही वन्यप्राण्यात क्वचितच पाहिले गेले असेल.

टांझानियातील सेरेंगेटीच्या जंगलात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेलर यांनी १९६६ मध्ये सिंहांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे क्रेग पॅकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अनेक दशके चालवला. मिशांच्या वरच्या ओळीतील ठिपक्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी असते. त्यावरून तिथे एकेका सिंहाची जन्मापासूनची नोंद ठेवली जाते, आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात सातबारा असावा तशी. म्हणूनच १९९४ मध्ये सिंहांना झटके येऊ लागले आणि ते पटापट मरू लागले, तेव्हा नुकसान अंदाजाने नव्हे, नोंदीवरून मोजता आले. सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजारभर सिंह त्या वर्षी गेले. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग, मांजरकुळाला त्याचे भय नाही, असे आम्हाला शिकवले होते. ती समजूत तिथे मोडली. संशय अभयारण्याभोवतीच्या गावांतील कुत्र्यांवर गेला.

यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. संशोधकांनी वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेले सिंहांचे रक्ताचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा हाच विषाणू त्यापूर्वी आणि त्यानंतरही सिंहांमधून गेला होता, आणि बहुतेक वेळा कोणाला पत्ताही लागला नव्हता, असे दिसून आले. मग १९९४ मध्ये सेरेंगेटीत आणि २००१ मध्ये शेजारच्या गोरोंगोरो विवरातच एवढे सिंह का मेले? दोन्ही वेळा आधी कडक दुष्काळ पडला होता. उपासमारीने खंगलेल्या रानम्हशींवर गोचिडांचा बुजबुजाट झाला होता, आणि त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात बबेसिया हे गोचिडांमार्फत पसरणारे परजीवी मोठ्या संख्येने भरले होते. डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती खच्ची केली आणि बबेसियाने घात केला. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचताना मला आमच्या दुष्काळी वर्षांतल्या छावण्यांतली जनावरे आठवली. अशक्त जनावराच्या कानामागे, आचळांपाशी गोचिडांचे कसे घोस लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आपल्या देशातही हे घडून गेले आहे. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात तीनेक आठवड्यांत २३ सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला त्यांतील काहींच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला, आणि काही मृत्यूंमागे बबेसियाही होता. लस त्या वेळी घाईघाईने परदेशातून मागवावी लागली.

आता वारणाकाठाकडे वळतो. मणदूर, सोनवडे, आरळा या पट्ट्यातील गावे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहेत. जंगलात रानकुत्री आहेत, आणि उसातला बिबट्या तर रात्री थेट दारातले कुत्रे उचलतो. रोगी कुत्रे त्याच्या पोटात जाणे म्हणजे विषाणूला आयते वाहन मिळणे आहे. असे असताना काही वर्षांपूर्वी आमच्याकडे झालेल्या एका शिबिरात कुत्र्यांना केवळ रेबीजची लस दिली गेली. डिस्टेंपरविषयी विचारले, तेव्हा ‘तो पाळीव, महागड्या कुत्र्यांचा रोग, गावठी कुत्र्यांना काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर दोन महिन्यांतच एका धनगरवस्तीवरचे वर्षाचे कुत्रे मी पाहिले. डोळ्यांच्या कडा पुवाने चिकटल्या होत्या, पंजाच्या गाद्या वाळल्या चामड्यासारख्या टणक झाल्या होत्या, तोंडात काही नसताना ते सारखे चघळत होते आणि मागचा एक पाय ठेका धरल्यासारखा उडत होता. पिसाळले म्हणून पोरांनी त्याला दगडांनी मारले. तोंडाला फेस दोन्ही रोगांत येतो, त्यामुळे अशा कुत्र्याजवळ कोणी जाऊ नये हे खरेच. पण नमुना तपासणीला न जाता ते पुरले गेले आणि कोणता रोग वस्तीवर फिरत होता, हे कोणालाच कळले नाही.

कुत्र्यांना लस टोचली की वन्यप्राणी निर्धास्त, असा माझा दावा नाही. सेरेंगेटीभोवती कुत्र्यांचे लसीकरण झाल्यावर कुत्र्यांतला प्रादुर्भाव घटला, तरी सिंहांना विषाणू गाठतच राहिला; इतर रानटी मांसाहारी प्राणीही त्याला जिवंत ठेवतात, असे २०१५ च्या अभ्यासात दिसले. तरीही कुत्रा हा त्या साखळीतला असा एकच दुवा आहे, ज्याच्यापर्यंत आपला हात पोहोचतो. वाघ-बिबट्याला पकडून सुई टोचण्यापेक्षा ते केव्हाही सोपे.

म्हणून मागणी एवढीच, की जंगलालगतच्या गावांत रेबीजबरोबर डिस्टेंपरची संयुक्त लसही द्यावी, पिलांना दुसरी मात्रा चुकू नये म्हणून नोंदवही ठेवावी, आणि झटके येऊन मेलेल्या कुत्र्याचा नमुना तपासणीला पाठवण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात असावी. शिबिराची वेळ मात्र गळीत हंगामाच्या सुरुवातीची धरावी. तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात, त्यांच्या मागोमाग त्यांची कुत्रीही येतात, आणि फड संपला की आपली कोपी, म्हणजे झोपडी, उचलून सगळे पुढच्या गावाला जातात. गावातल्या चावडीवर शिबिर लावून ही कुत्री येणार नाहीत. लसीचा डबा घेऊन कोपीपर्यंतच जावे लागेल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
शिराळा, जि. सांगली