दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र : स्वमग्नतेची तपासणी रांगेत होत नाही

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींच्या दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी

सविनय नमस्कार.

राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला. स्वमग्नतेच्या दाखल्यासाठी मात्र अजूनही सिव्हिलमध्ये ठरावीक वारी बसणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे ताटकळावं लागतं. बोर्डाची ही पद्धत हात-पाय, डोळे, कान तपासायला ठीक आहे: केसपेपर काढा, रांगेत उभे राहा, पुढे सरका. स्वमग्नता अशी तपासली की हमखास चुकते.

कशी, ते सांगतो. आयएसएए या स्वमग्नता मोजायच्या भारतीय मोजपट्टीत ४० प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. गोष्ट २० टक्क्यांपर्यंत वेळा घडत असेल तर १, २१ ते ४० टक्के वेळा तर २, ४१ ते ६० टक्के वेळा तर ३, असं वर ५ पर्यंत. बेरीज ७० झाली की ४० टक्के दिव्यांगत्व. ६९ झाली की उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण नाही, सरकारी नोकरीतली राखीव जागाही नाही. म्हणजे ‘नजरेला नजर देत नाही’ या एका प्रश्नाला २ दिले की ३, एवढ्यावर पुढचं सगळं अडू शकतं. किती वेळा घडतं हे माणसाला पाहून आणि घरच्यांना खोदून विचारून ठरवायचं असतं. नीट केलं तर अर्धा तास सहज जातो. दाराशी गर्दी लोटलेली असताना तो कुणी देत नाही.

शिवाय तपासणीआधीचे काही तास मूल कुठे असतं? लुकलुकत्या ट्यूबखाली, फिनेलच्या वासात, नावांच्या पुकाऱ्यात. टेबलापाशी पोचेपर्यंत ते एकतर जमिनीवर लोळण घेतं, नाहीतर पार मिटून जातं. पहिल्याला ‘हट्टी आहे’ म्हणतात, दुसऱ्याला ‘शांत आहे की’. मोठ्यांची गत आणखी वाईट. वर्षानुवर्षं समोरच्याच्या डोळ्यांऐवजी भुवयांकडे बघायची सवय लावून घेतलेली, उत्तरं घोकून आलेली बाई ‘नॉर्मल’ ठरते, आणि तिला विचारायचं असतं ‘एकट्याने तेच तेच खेळ खेळता का?’ मुलांसाठीच्या भाषेतले हे प्रश्न मोठ्यांना कसे विचारायचे, याची लेखी सूचना बोर्डांना द्या. नोकरीत, प्रवासात, घरात तीच गोष्ट कशी दिसते, हे त्यात उदाहरणांसह हवं.

बाकीच्या बदलांना फारसा पैसा लागत नाही. रांगेऐवजी ठरलेली वेळ द्या आणि पाळी आली की मोबाइलवर बोलवा, म्हणजे कुटुंब आवारातल्या झाडाखाली थांबू शकेल. वेळ देतानाच ४० प्रश्न मराठीत हाती द्या. घरचे दोन आठवडे पाहून उदाहरणांसह ते भरून आणतील, सोबत मोबाइलवरचे छोटे व्हिडिओही आणतील: केस कापताना, ताटात नवा पदार्थ आल्यावर, नेहमीचा रस्ता बदलल्यावर. अंतिम गुण अर्थातच तज्ज्ञांनीच द्यायचे.

खोलीत एका वेळी एकानेच बोलावं. प्रश्न विचारून दहा सेकंद थांबावं. उत्तर आलं नाही म्हणून लगेच शब्द फिरवून विचारलं, तर ऐकणाऱ्यासाठी तो नवा प्रश्न होतो आणि डोक्यातली जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. (हे शाळांनाही सांगायला हवं, पण तो विषय वेगळ्या पत्राचा.) कानावरचे हेडफोन काढायला लावू नयेत. टॅबवर टाइप केलेलं उत्तर त्या माणसाचंच धरावं, आईने पढवलेलं नव्हे.

जिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद रिकामं असेल तिथे शेजारच्या जिल्ह्यातले तज्ज्ञ महिन्यातून एक दिवस, फक्त याच तपासणीसाठी बोलवावेत.

आणि तातडीने निघावा असा जीआर एकच आहे. दाखल्यावर नुसती टक्केवारी येते. कोणत्या प्रश्नाला किती गुण दिले, हे कुटुंबाला दिसत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या कलम ५९ने अपिलाचा हक्क दिला आहे, पण कशाविरुद्ध अपील करायचं तेच हाती नसतं. ४० प्रश्नांच्या भरलेल्या गुणपत्रिकेची सही-शिक्क्याची प्रत, दाखला मिळो वा नाकारला जावो, त्याच दिवशी द्यावी.

आपले,
स्वमग्न व्यक्ती, पालक आणि विशेष शिक्षक