हेक्टर मोजले, गवत कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क) मिळालेल्या गावांचे जंगल-व्यवस्थापन आराखडे होत आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण चराईचा विषय आला की अनेकदा हेक्टर आणि जनावरे यांचा भागाकार करून सगळे मोकळे होतात. वर्धा जिल्ह्यातला आर्वी, कारंजा, आष्टी हा आमचा गवळाऊ जातीच्या गाईंचा पट्टा. इथे तरी असे चालणार नाही.

जनावराला रोज वजनाच्या दोन-अडीच टक्के कोरडा चारा लागतो. ३०० किलोच्या गाईला साडेसात किलो धरा. दिवाळी ते होळी चार महिन्यांचे ९०० किलो झाले. आता समजा जंगल २०० हेक्टर आणि हेक्टरी वाळलेले गवत ८०० किलो. कागदावर १७७ गाई बसतात. प्रत्यक्षात त्यातले ६० हेक्टर घाणेरी, रानतुळस अशा गुरे न खाणाऱ्या झुडपांनी नाहीतर खड्या उताराने गेलेले. उरलेल्या १४० हेक्टरांतलेही निम्मे गवत बी पडायला, माती धरायला आणि रोही (नीलगाय)-चितळांना सोडावे लागते. हाती राहते ५६ हजार किलो, म्हणजे ६२ गाईंपुरते.

ही मोजणी अवघड नाही. पावसाळा सरता सरता मीटरभर लांब-रुंद काठ्यांची चौकट जागोजागी टाकायची, आतले गवत कापायचे, गुरे न खाणारा तरोटा निवडून फेकायचा, बाकीचे वाळवून तोलायचे. चौकटीत १०० ग्रॅम निघाले तर हेक्टरी १००० किलो. दाट सागाखाली आणि मोकळ्या पडीत वेगवेगळे तोलावे; सावलीत गवत विरळच असते. चौकट कुठे टाकायची ते गुराख्याला विचारा. पवन्या गवत कुठे, कुसळ गवत कुठे हे तो डोळे मिटून सांगेल. कुसळ एकदा निसवली (तुरे आले) की तिला जनावर तोंड लावत नाही, हे आराखडा लिहिणाऱ्याच्या गावीही नसते.

सरसकट चराईबंदी हाही उपाय नव्हे. गुरे शेजारच्या गावाच्या जंगलात जातात, एवढेच. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे, भटक्या पशुपालकांचाही. तुटीचा चारा शेतातून यायला हवा. पण सोयाबीन आले, ज्वारी गेली, कडबाही गेला. उरले सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा), तेही बरेच जण जाळतात.

पाऊस दरवर्षी सारखा नसतो, म्हणून ही तोलणीही दरवर्षी व्हावी. तिचा तक्ता दिवाळीआधी ग्रामसभेपुढे ठेवावा आणि गुरांचा आकडा त्यावरून ठरवावा.

आपला,
एक पशुपालक वाचक
कारंजा (घाडगे), जि. वर्धा