सुआरेझ परत आला

सिएटल, ३१ जुलै २०२५

प्रिय मन्या,

काल रात्री उशिरा बातमी आली: बेसबॉलपटू युजेनियो सुआरेझ परत आमच्या सिएटल मरिनर्समध्ये. घरात सांगू कुणाला? नीताला म्हटलं, "सुआरेझ परत आला," तर ती विचारते, "जेवायला थांबणार आहे का?" म्हणून तुला लिहायला बसलो. बाकी ठीक. साखर आटोक्यात, गुडघा आहे तसाच.

तू म्हणशील, ३६ होमर (कुंपणापलीकडचे फटके) मारलेला गडी ऐन मोसमात मिळाला, आता रडतोस कशाला? रडत नाही रे, पण झोप लागली नाही. २०२३ मध्ये हाच आमच्याकडे २१४ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला, अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त. मग त्याला ॲरिझोनाच्या संघाला देऊन टाकला. तेव्हा तू फोनवर म्हणालास, "बरं झालं, ब्याद गेली." त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, तो असला की बाकीची पोरं हसतखेळत असायची, ते तुला तिकडे बसून काय दिसणार!

पण ॲरिझोनात चेंडू उडतो. आमच्या मैदानावर थंड हवेत तोच फटका कुंपणाच्या आत उतरतो. शिवाय सुआरेझच्या जागी, थर्ड बेसवर (तिसऱ्या तळावर), बेन विल्यमसन आहे. पोरगं काय सुरेख चेंडू अडवतं! मोसमभरात होमर मात्र एकच. आता त्याची रवानगी टकोमाला, आमच्या खालच्या संघात होणार, आणि मला धास्ती आहे ती थर्ड बेस आता कोण तसा सांभाळणार याची.

आठवतं ना, तुमच्या न्यूयॉर्क मेट्सनी असाच ऐन मोसमात फटकेबाज सेस्पेडेसला आणलं त्याला आज बरोबर १० वर्षं झाली. दोनच दिवस आधी तुमचा विल्मर फ्लोरेस, आपल्याला दुसऱ्या संघाला दिलं असं वाटून, मैदानात उभ्या उभ्या रडला होता, आणि त्याच ३१ तारखेला बाराव्या इनिंगला होमर मारून त्यानेच सामना काढला. तू फोनवर नुसता ओरडत होतास. पुढे सेस्पेडेसने ५७ सामन्यांत १७ होमर ठोकले. मान्य. पण रॉयल्सविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, तुमच्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्या हार्वीचा) पहिलाच चेंडू आठव! सेंटर फील्डला चेंडू सेस्पेडेसच्या पायाला लागून निसटला आणि त्यांचा एस्कोबार पळत पळत सगळे तळ फिरून होम प्लेटला पोचला. रॉयल्सकडे मोठे फटके मारणारे कमी, पण त्यांची बॅट सहसा हुकायची नाही. आणि सेस्पेडेसच्या बदल्यात तुम्ही दिलेला फुलमर पुढच्याच वर्षी डेट्रॉइटकडून रुकी ऑफ द इयर, वर्षातला सर्वोत्तम नवखा! यावरून आपण अटलांटिक सिटीपर्यंत भांडलो, बापू मागच्या सीटवर कानात बोटं घालून बसले होते.

आमचा सौदा तितका महाग नाही. लॉकलियर आणि दोन पिचर गेले, वरच्या फळीतली होतकरू पोरं शाबूत आहेत. सुआरेझचा करार मोसमाबरोबर संपतो, म्हणजे पुढच्या वर्षाची हमी नाही. तरीही मी म्हणतो, आणायलाच हवा होता. आमचे पिचर सामना २-१, ३-२ असा धरून ठेवतात. तिथे चार सिंगल (एकेका तळाचे फटके) जुळायची वाट बघत बसलं की संपलं, एक फटका बसायला हवा. आमच्या कॅल रॅलीने होमरची चाळिशी ओलांडली आहे, त्याला कुणी धड मारण्याजोगा चेंडूच टाकत नाही. त्याच्यानंतर बॅटिंगला सुआरेझ येणार असला तर टाकावाच लागेल. आकडेवाले हे मानत नाहीत, मी मानतो. १९७७ पासूनचा हा संघ, २००१ मध्ये ११६ सामने जिंकला, तरी वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाही पोचला नाही. तीस संघांत असे आम्ही एकटेच! आता अजून किती वर्षं जपून खेळायचं?

ईशाच्या ॲडमिशनचं वाचून फार बरं वाटलं. वहिनींना नव्या नोकरीबद्दल अभिनंदन सांग. बापूंच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं ते कळव.

१५ ऑगस्टला आमचे मरिनर्स तुमच्या मैदानावर, सिटी फील्डवर येताहेत. मी येतोय. तिकिटं थर्ड बेसच्या बाजूची काढ, ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) आला की सुआरेझचे पाय कसे हलतात ते मला जवळून बघायचंय.

तुझा,
दिल्या