बदलापुरातल्या भाडेकरूंना रजिस्टर ॲग्रीमेंट का मिळत नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बदलापुरात फ्लॅट विकत घेणाऱ्यांबद्दल पेपरात बरंच छापून येतं, भाड्याने राहणाऱ्यांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. ठाणे डोंबिवली परवडेना म्हणून माणूस अंबरनाथला सरकतो, तिथलं भाडं वाढलं की बदलापूर, आता तर लोक वांगणी नेरळपर्यंत गेलेत. सीएसएमटीला जायला लोकलने दीड तास, यायला तेवढाच, ते आम्ही सहन करतो कारण घर परवडतं. पण त्या घराचा धड कागद हातात नसतो याचं काय?

इथे बहुतेक ठिकाणी एजंट स्टॅम्प पेपरवर 11 महिन्यांचा करार टाईप करून आणतो, नोटरीचा शिक्का मारतो आणि झालं म्हणतो. आमच्या मजल्यावरच्या एका ताईंच्या मुलाचा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत प्रवेशाच्या, लॉटरीत नंबर लागला होता, घरात पेढे वाटून झाले, आणि कागद तपासायला गेल्यावर कळलं की भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, नोंदवलेलाच लागतो, नोटरीचा चालत नाही. ओनरला फोन केला तर तो म्हणाला आता मधेच कुठे रजिस्टर करत बसू, पुढच्या वेळी बघू. पोराची ॲडमिशन गेली. ती बाई दोन दिवस कामावर गेली नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 काढून बघा, करार लेखी करून रजिस्टर करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे असं स्पष्ट लिहिलंय. नाही केला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे यात मालकाचंही नुकसानच आहे.

खर्चही फार नाही हो. महिना 7000 भाडं आणि 30000 डिपॉझिट असेल तर 11 महिन्यांच्या एकूण भाड्याचा हिशोब धरून 0.25 टक्क्याने स्टॅम्प ड्युटी 200 च्या आसपास होते, नगरपालिका हद्दीत नोंदणी फी 1000, सगळं ऑनलाईन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. तरी एजंट त्याचे चार पाच हजार सांगतात आणि ओनर म्हणतो तुम्हाला हवंय तर तुम्ही भरा.

डिपॉझिटचंही तेच. घर सोडताना रंगाचे कापले, साफसफाईचे कापले, उरलेले पुढच्या महिन्यात देतो, आणि तो पुढचा महिना येतच नाही. हातात कागद नाही तर भांडणार कशाच्या जोरावर? केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घ्यावं असं आहे, आपल्या राज्यानेही ते आणावं.

अजून एक, उल्हास नदीच्या बाजूला, हेंद्रेपाडा वालिवली भागात तळमजल्याची घरं स्वस्तात मिळतात, पण 2005 ला आणि 2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं हे नवीन माणसाला कुणीच सांगत नाही. भिंतीला खालून कमरेपर्यंत नवीन पुट्टी मारलेली असते, वर जुनाच रंग, त्यावरून ओळखायचं. करारात हे लिहायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

नगरपालिकेला विनंती आहे की घरपट्टीच्या खिडकीवर कलम 55 चा मराठीत बोर्ड लावा, तिथे घरमालकच येतात. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देताना रजिस्टर कराराची कॉपी मागितली तर अर्धं काम तिथेच होईल. आणि तुम्ही ही माहिती शक्यतो एप्रिलमध्ये छापा, शाळांना सुट्टी लागली की मे महिन्यात इथली निम्मी घरं बदलतात, करार तेव्हाच होतात.

आपला वाचक,
एक भाडेकरू, बदलापूर (पूर्व)