हे हात आयटीआयमध्ये हवेत

महोदय,

चेन्नईच्या ट्रॅकवर माझ्या मोटरसायकलचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा भाग) तुटला आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनचे कवच, फोडून बाहेर आला. जोरात ब्रेक मारताना ऑइल पुढे सरकते, पंप हवा ओढतो, रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे बिग-एंड बेअरिंग कोरडे पडते. इंजिन भंगारात घाल, असे सगळेच म्हणाले. भोसरीतल्या एका वयस्कर मशिनिस्टकाकांनी मात्र क्रँककेसला आर्गन वेल्डिंग केले, नवा रॉड बसवला आणि क्रँक डायल गेज या बारीक मापकाखाली फिरवत, तांब्याच्या हातोडीने ठोकत शतांश मिलिमीटरपर्यंत सरळ केली. ऑइलच्या वाटांत अडकलेला बेअरिंगचा चुराही तारेने काढला. तो राहिला असता तर नवे बेअरिंगही गेले असते. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, असे हात नाहीत. काकांकडे शिकाऊ कोणीच नाही. आयटीआयने अशा कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे, आणि तेही लवकर.

– एक वाचक, कसबा पेठ, पुणे