नावं माहीत नसलेल्यांचे आभार

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट चुकवून चालत नाही, आणि याच गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्यात 2020 मध्ये कोविड आला. मी निभावलो ते नावंही ठाऊक नसलेल्या माणसांमुळे.

रक्त घ्यायला घरी येणाऱ्या ताई. टॅक्रोलिमसची पातळी सकाळची गोळी घेण्याआधी तपासावी लागते, म्हणून त्या आधी माझ्याकडे यायच्या. दाराबाहेर नवे हातमोजे चढवायच्या, खिडकी उघडायला लावायच्या आणि सुई टोचताना, मास्क असूनही, तोंड बाजूला वळवायच्या. औषध दुकानातला मुलगा त्याच कंपनीची गोळी शोधून आणायचा. ब्रँड बदलला की पातळी हलू शकते, हे त्याला पक्कं माहीत! लिफ्ट माझ्यासाठी सोडून जिना चढणारे काकाही होतेच.

लसीच्या दोन डोसनंतरही प्रत्यारोपण झालेल्या अनेकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडत नाहीत, हे 2021 मध्ये दिसलं. लोकांचे मास्क उतरले तरी माझ्यासमोर ज्यांनी ते ठेवले, "किती घाबरता हो" असं एकदाही न म्हणता, त्यांचे आभार सगळ्यांत जास्त. माझ्या नातेवाइकांनाही ते जमलं नव्हतं.