उताराबद्दल थोडं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. "आई आता बरी आहे, घर पुन्हा मार्गी लागलंय, तरी सकाळी अंथरुणातून उठवत नाही. वर्षभर टिकलो आणि आता का ढेपाळलो?" असं तू विचारलंस. तेव्हा काही सुचलं नाही. आज टेकडी धावून आलो, मांड्या ठणकत होत्या, आणि तुझा प्रश्न आठवला.

सुरुवातीला मी सपाटीवरचा वेग तसाच चढावर न्यायला बघायचो. अर्ध्यावर छातीचा भाता व्हायचा. हळूहळू कळलं, चढावर घड्याळ बघायचं नसतं, श्वास ऐकायचा असतो. पाऊल आखूड, हात जोरात, कमरेत वाकायचं नाही, नजर माथ्यावर न लावता दहा-बारा पावलं पुढे. वेग पडतो, पडू द्यायचा. तू वर्षभर हेच केलंस. बढती सोडलीस, भेटीगाठी बंद केल्यास, एक तपासणी झाली की पुढची. "मी मागे पडतोय" म्हणायचास तेव्हा मला ते कधीच पटलं नाही.

पण मला सांगायचंय ते उताराबद्दल. चढावर धाप लागते म्हणून सगळा राग त्याच्यावर. उतारावर श्वास सैल होतो, सुटलो असं वाटतं, आणि पायांची खरी झीज तिथेच होते. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार अडवून धरतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. त्या क्षणी काही जाणवत नाही. पहिल्यांदा लांब उतार मी मोकाट धावलो होतो. खाली पोचलो तेव्हा इतका खूश होतो की विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरला, तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना दोन्ही हात टेकले.

बोस्टन मॅरेथॉनमधल्या 'हार्टब्रेक हिल'ची ख्याती ऐकून मला तो मोठा डोंगर वाटायचा. त्याची चढण जेमतेम २७ मीटरची आहे! पण ती ३२ किलोमीटर संपल्यावर येते, आणि पहिले पंचवीस किलोमीटर बहुतेक उतारच असतो. धावपटू तिथे पोचतो तो मांड्या आधीच झिजवून. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही जवळपास ९० किलोमीटरची शर्यत साधारणपणे एक वर्ष चढाच्या दिशेने, एक वर्ष उताराच्या दिशेने होते. उताराचं वर्ष पायांना जास्त छळतं, असं तिथे धावलेले कितीतरी जण सांगतात.

म्हणून "आता तर सगळं ठीक आहे, आता काय झालं?" असं कुणी विचारलं तर मनाला लावून घेऊ नकोस. हॉस्पिटलच्या त्या बाकावर तुला दुखायला सवड कुठे होती? ते आता दुखतंय. तू कमकुवत झालायस असं मला एका क्षणासाठीही वाटत नाही. स्नायूंचं एक बरं असतं: एकदा असे दुखून सावरले की पुढचे काही आठवडे तोच उतार त्यांना कमी छळतो. मनाचंही तसंच असेल असं छातीठोक सांगणार नाही. झोप काढ, जेवण चुकवू नकोस, आणि आणखी दोन-तीन आठवडे असंच राहिलं तर डॉक्टरांकडे जाऊ. मी बरोबर येईन.

रविवारी पहाटे तुझ्याकडे येतो. धावायचं नाही. चालत चढू, वर हवा तितका वेळ बसू, आणि सावकाश उतरू. उतरताना मागे रेलू नकोस. मागे रेललं की टाच आपटते आणि गुडघ्याला हिसका बसतो. गुडघे सैल, पावलं लहान.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र

ता. क. : निघताना बुटाची नाडी घोट्याजवळ नीट आवळ. सैल राहिली की उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि अंगठ्याचं नख काळं पडतं.